उघडें पत्र

आमच्या एका वाचकभगिनीनें गेल्या महिन्यांत विचारिलें आहे कीं, "सासऱ्यांच्या कपाटांत जुन्या चित्रकार्डांची एक चवड सांपडली आहे, तीं ठेवावीं कीं विकावीं, आणि ठेवावीं तर कशीं?" प्रश्न साधा आहे. दोन वर्षांपूर्वीं तो आम्हांस कोणीं विचारिला असता, तर आम्हीं त्याचें उत्तरही तितकेंच साधें दिलें असतें. परंतु मध्यंतरीं आमच्याच घरीं या बाबतींत एक प्रकार घडला, आणि तेव्हांपासून दुसऱ्यास सल्ला देण्यापूर्वीं आपली चूक सांगून टाकणें आम्हांस प्राप्त झालें आहे. म्हणून या खेपेस आधीं हकीकत व मागाहून सल्ला, असा क्रम वाचकांनीं गोड मानून घ्यावा.

आमचें मूळ घर हिंगोली जिल्ह्यांत, वसमत तालुक्यांतील एका लहानशा खेड्यांत. हिंगोलीचा स्वतंत्र जिल्हा झाला १ मे १९९९ रोजीं. त्यापूर्वीं आमच्या पत्त्यावर ‘जिल्हा परभणी’ असें असे, आणि त्याच्याही पूर्वीं, म्हणजे १९४८ च्या सप्टेंबरापर्यंत, आम्ही निजामाच्या राज्यांत मोडत होतों. आजोबांच्या वेळचा वाडा तीन भावांस पुरला. पुढची पिढी मात्र नांदेड, पुणें, हैदराबाद अशी पांगली. वाड्यांत राहणारें कोणी उरलें नाहीं, भिंतींस ओल आली, आणि शेवटीं सर्वांच्या विचारें वाटणी करण्याचें ठरलें. दसऱ्यानंतर चार दिवस काढून सगळे जमलों. तांब्यापितळेचीं भांडीं तोलून झालीं, पाट-चौरंग मोजून झाले, देव कोणाकडे जावयाचे याचाही निकाल लागला. आणि तिसऱ्या दिवशीं माळ्यावरून नानांची पत्र्याची ट्रंक खालीं आली.

नाना म्हणजे आमचे मधले काका. ते हिंगोलीस एका शाळेंत चित्रकलेचे शिक्षक होते. त्यांनीं लग्न केलें नाहीं. आठवडाभर हिंगोलीस खोली घेऊन राहात आणि शनिवारीं संध्याकाळच्या मोटारीनें घरीं येत. पगारांतील ठराविक रक्कम ते आजोबांच्या हातीं देत, आणि उरलेल्या पैशाचें काय करीत हें सर्वांस ठाऊक होतें: चित्रें घेत. तसबिरी घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून चित्रांचीं कार्डें घेत. मुंबईस गेले कीं रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकांच्या ढिगांतून, हैदराबादेस गेले कीं आबिड्सच्या रविवारच्या पुस्तकबाजारांतून, आणि पुढें सोव्हिएत पुस्तकांचीं प्रदर्शनें भरूं लागल्यावर तेथून. घरांत याला ‘नानांचा कागदी संसार’ म्हणत. हें नांव आम्हीं मुलांनींही पुष्कळदां हंसून घेतलें आहे.

ट्रंकेंत तीन चवडी निघाल्या. कोणत्याही जुन्या मराठी घरांत असा संग्रह निघाला, तर तो थोड्याफार फरकानें असाच असण्याचा संभव आहे, म्हणून त्याची ओळख जरा सविस्तर करून देतों.

पहिली चवड राजा रविवर्म्याच्या चित्रांची. रविवर्म्यानें १८९४ सालीं मुंबईस गिरगांवांत आपला शिळाछापखाना काढला. पुढें प्लेगच्या दिवसांत तो लोणावळ्याजवळ मळवलीस हलविण्यांत आला आणि विसाव्या शतकाच्या आरंभीं श्लायखर नांवाच्या जर्मन जाणकारास विकला गेला. लक्ष्मी, सरस्वती, शकुंतला, दमयंती यांचे जे मुखवटे आपल्या मनांत ठसले आहेत, ते पुष्कळ अंशीं या छापखान्यानें ठसविले आहेत. देवघरांतल्या मोठ्या तसबिरी सर्वांच्या परिचयाच्या आहेत; त्याच चित्रांचीं लहान टपालकार्डेंही निघत, हें मात्र पुष्कळांस ठाऊक नसतें. १९७२ सालीं त्या छापखान्यास आग लागली. तेव्हां घरोघर जें उरलें तेंच उरलें असें समजावें.

दुसरी चवड महादेव विश्वनाथ धुरंधर यांची. धुरंधर मूळचे कोल्हापूरचे. जन्म १८६७ चा. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत ते विद्यार्थी म्हणून आले आणि तेथेंच अध्यापक होऊन त्यांनीं सारें आयुष्य काढलें. १९४४ सालीं ते वारले. ‘कलामंदिरांतील एकेचाळीस वर्षें’ हें त्यांचें आत्मवृत्त प्रसिद्धच आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत त्यांनीं मुंबईच्या रस्त्यावरच्या माणसांचीं चित्रें खास टपालकार्डांसाठीं काढलीं. त्यांत मोलकरीण आहे, पारशी शेठ आहे, वकील आहे, भाजीवाली आहे; आणि प्रत्येकाच्या उभें राहण्यांत असा कांहीं बारीक विनोद आहे कीं, शंभरांवर वर्षें लोटलीं तरी पाहणारा हंसतोच. देवादिकांच्या तसबिरींसमोर आपण हात जोडतों. धुरंधरांच्या कार्डांत आपण आपल्याच आळीचीं माणसें ओळखतों.

या दोन चवडींविषयीं घरांत तंटा झाला नाहीं. एका भावाच्या घराला एक गेली, दुसऱ्याच्या घराला दुसरी. तंटा झाला तो तिसऱ्या चवडीवरून, आणि ती होती एका रशियन चित्रकाराची.

निकोलस रोरिक हें नांव आमच्या वाचकांपैकीं कांहींनीं ऐकिलें असेल. हा चित्रकार १८७४ सालीं सेंट पीटर्सबर्ग येथें जन्मला. बापाच्या इच्छेखातर कायदा शिकला आणि स्वतःच्या इच्छेनें चित्रकला. प्राचीन रशियाचे किल्ले, मठ, नदीवरून येणारीं रंगीत शिडांचीं गलबतें हे त्याचे आरंभींचे विषय. १९१३ सालीं पॅरिसमध्यें स्ट्राव्हिन्स्कीच्या ज्या नृत्यनाट्यावरून प्रेक्षागृहांत दंगल उसळली, त्याचे पडदे व पोषाख त्याचेच होते. रशियांत क्रांति झाल्यावर तो तेथून बाहेर पडला, अमेरिकेंत गेला, आणि १९२३ च्या डिसेंबरांत बायकामुलांसह हिंदुस्थानांत आला. पुढें मध्य आशियाचा खडतर प्रवास करून १९२८ सालीं त्यानें कुलू खोऱ्यांत नग्गर येथें घर केलें, आणि १३ डिसेंबर १९४७ रोजीं तेथेंच देह ठेविला. हिमालय त्यानें इतक्या वेळां आणि इतक्या रंगांत रंगविला कीं, त्याच्या चित्रांपुढें उभें राहिल्यावर डोंगर हा निळा, जांभळा, केशरी असा क्षणोक्षणीं पालटणारा जीवच वाटूं लागतो. युद्धांत कलावस्तूंचा व विद्यामंदिरांचा नाश होऊं नये म्हणून त्यानें जो करार मांडला, त्यावर १५ एप्रिल १९३५ रोजीं अमेरिकेंतील अनेक राष्ट्रांनीं वॉशिंग्टन येथें सह्या केल्या. त्याचा धाकटा मुलगा स्वेतोस्लाव हाही चित्रकार. त्यानें १९४५ सालीं देविकाराणीशीं लग्न केलें, म्हणजे मालाडच्या बॉम्बे टॉकीजच्या द्वारें आमच्या मराठी मुलखाशींही या घराण्याचा धागा जुळतो. भारत सरकारनें कायद्यानें ज्या नऊ चित्रकारांच्या कृति राष्ट्रीय कलानिधि ठरविल्या आहेत व ज्यांचीं मूळ चित्रें देशाबाहेर नेण्यास मनाई आहे, त्यांत रविवर्मा आहे आणि हा रशियन पाहुणाही आहे. नानांच्या ट्रंकेंत दोघे शेजारीं शेजारीं होते. त्यांत त्यांची नजर कच्ची नव्हती असें आतां वाटतें.

चित्रकार्डांच्या बाबतींत रशियाची परंपरा मोठी आहे. सेंट पीटर्सबर्ग येथें ‘संत युजेनिया समाज’ नांवाची परिचारिकांची एक संस्था होती. आजारी व थकलेल्या परिचारिकांच्या निर्वाहासाठीं पैसा हवा, म्हणून तिनें १८९८ पासून चित्रांचीं कार्डें छापण्यास आरंभ केला. कल्पना इतकी फळली कीं, दोन दशकांत सहा हजारांहून अधिक प्रकारचीं कार्डें निघालीं आणि त्या काळचे नामांकित चित्रकार आपण होऊन त्यांसाठीं चित्रें देऊं लागले. रोरिकच्या चित्रांचींही कार्डें त्यांत आहेत. दानासाठीं काढलेली वस्तु इतकी सुबक असावी, हें आमच्याकडच्या वर्गणीच्या पावत्या पाहतां जरा मनास लागतें. असो.

त्या जुन्या काळचें एकच कार्ड नानांस मिळालें होतें. बाकीचीं सोव्हिएत काळांतलीं. १९७४ हें रोरिकचें शताब्दीचें वर्ष. त्या सुमारास रशियांत त्याच्या चित्रांचे संच पुष्कळ छापले गेले, आणि आपल्या टपालखात्यानेंही ९ ऑक्टोबर १९७४ रोजीं त्याच्या स्मरणार्थ एक रुपयाचें तिकीट काढलें. नानांनीं त्याच वेळीं पुस्तकप्रदर्शनांतून सोळा कार्डांचें एक पाकीट घेतलें होतें. ट्रंकेंत पाकीट निघालें, परंतु कार्डें भरलीं पंधरा.

प्रथम तें पाकीट रद्दींतच जावयाचें होतें. आमच्या पुतण्यानें सहज मोबाइलवर शोध घेतला, आणि असे संच विकले जातात, पुरे असले तर बऱ्या किंमतीस विकले जातात, असें त्यास आढळलें. झालें! ज्या कागदी संसाराला पन्नास वर्षें कोणीं विचारिलें नव्हतें, त्याला घटकाभरांत तीन वारस उभे राहिले. एकानें सुचविलें, पांच-पांच वाटून घ्यावीं. दुसरा म्हणाला, वाटून घेतल्यास किंमत जाईल. विकून पैसे वाटावे. आणि हें लिहितांना संकोच वाटतो, पण तिसरें मत आमचें होतें: लिहिण्यावाचण्याचा नाद घरांत आम्हांसच आहे, तेव्हां संच आम्हांसच मिळावा. कलेच्या प्रेमाचें पांघरूण घेतलेला लोभ हा उघड्या लोभापेक्षां अधिक ओंगळ दिसतो, हें त्या वेळीं आम्हांस दिसलें नाहीं.

वाद चालतां चालतां एवढें मात्र सर्वांस पटलें कीं, सोळावें कार्ड सांपडलें पाहिजे. पाकिटाच्या घडीवर चित्रांची यादी होती. पुतण्यानें मोबाइलच्या साह्यानें ती लावून पाहिली, तेव्हां गहाळ होतें तें कांचनगंगा शिखराचें. सगळी ट्रंक उपसली, माळा झाडला. तेव्हां कोणीसें म्हणालें, "काकूंना विचारा."

काकू म्हणजे धाकट्या काकांच्या पत्नी. पंचाहत्तरी ओलांडली आहे. त्या पिढीच्या आतां त्या एकट्याच. वाटणीचे तिन्ही दिवस त्या मागल्या पडवींत बसून होत्या. त्यांना कोणीं कांहीं विचारिलें नव्हतें, आणि त्यांनींही आपण होऊन कांहीं म्हटलें नव्हतें. आम्हीं जाऊन विचारिलें तेव्हां त्यांनीं शांतपणें पोथीचा रुमाल सोडला. खूण म्हणून घातलेलें एक कार्ड पानांतून काढलें आणि आमच्या हातीं दिलें. निळ्या आकाशांत उजळलेलें शिखर, सोळांपैकीं सर्वांत देखणें. पुतण्या हर्षानें म्हणाला, "सांपडलं! संच पुरा झाला!"

"उलटून बघ," काकू म्हणाल्या.

मागें एक रुपयाचें तेंच रोरिकचें तिकीट, त्यावर हिंगोलीचा शिक्का, आणि नानांचें घोटीव अक्षर. पत्ता काकूंच्या नांवाचा, तालुका वसमत, जिल्हा परभणी. मजकूर इतकाच होता:

"चि. सौ. यांस अनेक आशीर्वाद. मागें कांचनगंगेचें शिखर आहे, तें पाहावें. तुमचा शालान्त परीक्षेचा अर्ज आज भरला. फी माझ्या पगारांतून दिली आहे. घरांतून कांहीं घेतलेलें नाहीं. परीक्षा मार्चांत आहे. तोंवर दुपारचे दोन तास तुम्हांस कोणीं कामासाठीं हांक मारूं नये, ही सर्वांस विनंती."

तें कार्ड ज्या दिवशीं आलें तो दिवस आम्हांस अंधुक आठवतो. आम्ही नऊ-दहा वर्षांचे असूं. घरचें टपाल आजोबांच्या हातीं पडे आणि ते ओसरीवर बसून मोठ्यानें वाचून दाखवीत, हा रिवाज होता. आमच्या आठवणींत राहिलें तें एवढेंच कीं, कार्डाला एक रुपयाचें तिकीट लाविलें म्हणून घरांत पुष्कळ चर्चा झाली. तितका महसूल कार्डास लागतच नव्हता. बाकीचें काकूंनीं सांगितलें.

"आमचं शिक्षण लग्नासाठीं थांबलं होतं," त्या म्हणाल्या. "एकदां बोलतां बोलतां मी भाऊजींपाशीं म्हणून गेलें, कीं परीक्षा राहिली ती राहिलीच. त्यांनीं ऐकून घेतलं, बोलले कांहींच नाहींत. मग हे कार्ड आलं. मामंजींनीं सगळ्यांसमोर वाचलं आणि गप्प राहिले. कार्ड झोपाळ्यावर ठेवून उठून गेले. मला वाटलं, आतां घरांत काय होतं कोण जाणे. दुसऱ्या दिवशीं दुपारीं तुझ्या आईनं मला हांक मारली, तर मामंजीच ओसरीवरून म्हणाले, ‘तिला हांक मारूं नका, तिची वेळ आहे.’ तेवढंच. माहेरच्या खुशालीखेरीज माझ्या नांवानं या घरांत आलेलं तें पहिलं पत्र."

काकू त्या परीक्षेंत उत्तीर्ण झाल्या, पुढें अध्यापनाची पदविका घेतली आणि गांवच्याच प्राथमिक शाळेंत त्यांनीं सेवानिवृत्तीपर्यंत शिकविलें. आम्हां सर्वांस अक्षरें त्यांनींच गिरवायला लाविलीं. हें सर्व आम्हांस ठाऊक होतें. त्याचा आरंभ या कार्डांत आहे, हें ठाऊक नव्हतें.

पाकिटांत एक वेळ न जाणारें बंद पत्र नानांस धाडतां आलें नसतें काय? आलें असतें. परंतु बंद पत्र घरांत आधीं कोणीं फोडावें यावरून वाद झाला असता, आणि सुनेला चोरून पत्रें येतात असा बोभाटाही झाला असता. रशियन भाषेंत टपालकार्डाला जो जुना शब्द आहे, त्याचा अर्थच ‘उघडें पत्र’ असा आहे, आणि आजही त्या भाषेंत चित्रकार्डाला त्याच शब्दापासून निघालेलें नांव चालतें. नानांस हा अर्थ ठाऊक असो वा नसो, त्यांनीं त्याचा पुरा उपयोग करून घेतला. जें लिहिलें तें सर्वांनीं वाचावें यासाठींच लिहिलें. विनंती काकूंस नव्हतीच. ती आम्हां सर्वांस होती.

कार्ड परत देतांना पुतण्यानें हळूच विचारिलें, "काकूआजी, मग संच पुरा करायला हे द्याल ना?"

"अरे, संच पुरा करायचा ना? मग तुमचीं पंधरा इकडे आणा," काकू म्हणाल्या. "हे पत्र माझ्या नांवाचं आहे. दुसऱ्याच्या नांवाचं पत्र कुणी वाटणींत घालतं का?"

यावर बोलण्यासारखें कोणाजवळ कांहीं नव्हतें. पंधरा कार्डें त्यांच्यापुढें ठेविलीं. त्यांनीं एकेक उलटून पाहिलें, आणि सहा कार्डांवर नानांचें अक्षर निघालें! एक आमच्या आईच्या नांवचें, एक आत्याच्या, एक मोलानें दळण दळणाऱ्या बाईच्या मुलीच्या नांवचें, दोन आम्हां मुलांचीं, आणि एक आजीच्या नांवचें. आजीला वाचतां येत नव्हतें; तिच्या कार्डावर फक्त चित्र कशाचें आहे तें मोठ्या अक्षरांत लिहिलें होतें. घरांतील ज्या ज्या माणसास पत्र येत नसे, त्याला त्याला नानांनीं एकेक पत्र धाडलें होतें. आणि ज्यानें त्यानें तें वाचून, संच मोडूं नये म्हणून, पुन्हा त्यांच्या पाकिटांत आणून ठेविलें होतें. तीन दिवस आम्ही तीं कार्डें मोजीत होतों. परंतु उलटून पाहावें असें आमच्यापैकीं एकासही सुचलें नाहीं. सर्वांची नजर चित्राच्या बाजूवर होती.

संच आज काकूंकडे आहे. सोळावें कार्ड मात्र अजून पोथींतच असतें. इतर घरांनीं छायाप्रति काढून घेतल्या. काकूंच्या मागें संच कोणाकडे जावा, हें त्यांनीं अद्याप सांगितलें नाहीं, आणि आम्हीं विचारिलेंही नाहीं.

आतां आमच्या वाचकभगिनीच्या प्रश्नाकडे वळूं.

पहिली गोष्ट, कार्डें हातीं येतांच तीं उलटून वाचावीं. लिहिलेलें कार्ड आणि कोरें कार्ड या दोन निरनिराळ्या वस्तु आहेत. कोऱ्या कार्डाचा मालक तें विकत घेणारा. लिहिलेल्या कार्डावर मात्र ज्याच्या नांवें तें आलें त्याचा, आणि तो हयात नसल्यास त्याच्या मुलाबाळांचा हक्क आहे. कायद्याचा हा विषय नव्हे. घरांतील रीतीचा आहे. तेव्हां विकण्याचा विचार करण्यापूर्वीं त्या नांवाच्या माणसास विचारावें.

दुसरी गोष्ट, काळ ओळखण्याची. आपल्या देशांत टपालकार्ड सुरू झालें १ जुलै १८७९ रोजीं, पाव आण्याच्या किंमतीचें. चित्रकार्डांवर आरंभीं मागची सबंध बाजू पत्त्यालाच द्यावी लागे, त्यामुळें मजकूर चित्राच्या कडेला कोंबलेला दिसतो. मागल्या बाजूस मधोमध रेघ मारून डावीकडे मजकूर व उजवीकडे पत्ता, ही सोय ब्रिटननें १९०२ सालीं प्रथम दिली आणि पुढील चार-पांच वर्षांत इतर देशांनीं उचलली. तेव्हां मागें रेघ नसेल तर कार्ड बहुधा त्यापूर्वींचें समजावें. रशियन कार्डांची आणखी एक खूण आहे. १९१८ च्या सुमारास रशियानें आपलें शुद्धलेखन सुधारलें आणि शब्दांच्या शेवटीं लागणारें, पण उच्चारांत न येणारें एक अक्षर काढून टाकलें. छापील नांवाच्या शेवटीं तें अक्षर असेल तर कार्ड जुन्या राजवटींतलें. आमच्याकडे १९६२ सालीं अनुच्चारित अनुस्वारांस असाच निरोप मिळाला. या सदरांत ते अजून पाहुणचार घेत आहेत ही गोष्ट वेगळी. सोव्हिएत काळांतील संचांवर किंमत आणि किती प्रति छापल्या तो आंकडाही बहुधा छापलेला सांपडतो. आंकडा मोठा असेल, तर फार मोठ्या किंमतीच्या आशेवर राहूं नये.

तिसरी खूण छपाईची. साधें भिंग घेऊन चित्र पाहावें. रंग बारीक, सारख्या अंतराच्या ठिपक्यांचे दिसले तर छपाई यंत्रांतील जाळीची, बहुधा अलीकडची. ठिपके ओबडधोबड, दाणेदार आणि रंगांचे थर एकमेकांवर चढलेले दिसले तर ती जुनी शिळाछपाई असण्याचा संभव अधिक. आमच्या मराठवाड्यांतील वाचकांनीं तिकिटाकडेही लक्ष द्यावें. निजामाच्या टपालाचीं तिकिटें स्वतंत्र होतीं व तीं राज्याच्या हद्दीपुरतींच चालत. तसें तिकीट लागलेलें कार्ड घरांत निघालें तर तें सोडवूं नये. तिकीट, शिक्का आणि कार्ड हीं तिन्ही मिळूनच त्याची साक्ष पुरी होते.

चौथी गोष्ट, जतनाची. कार्डें खळीनें किंवा चिकटपट्टीनें वहींत कधींही चिकटवूं नयेत. मागची बाजू कायमची जाते. कागदी कोपऱ्यांत बसवावीं. मऊ आणि उग्र वासाचें प्लॅस्टिक चित्राचा रंग ओढून घेतें. त्या पिशव्या टाळाव्या. लॅमिनेशन तर मुळींच करूं नये. डांबराच्या गोळ्या थेट कागदास लागूं देऊं नयेत. ओलीच्या भिंतीपासून दूर, उन्हापासून दूर, कोरड्या सुती रुमालांत, आपल्या पूर्वजांनीं पोथ्या ठेविल्या तशीं ठेवावीं, आणि पावसाळा संपल्यावर एकदां सावलींत वारा द्यावा. कसर लागली आहे असें दिसल्यास तेवढें कार्ड वेगळें करावें. कोणाचें, कोठून आलें, ही माहिती कार्डावर न लिहितां निराळ्या कागदावर लिहून जवळ ठेवावी.

आणि पांचवी गोष्ट, तीं पाहावीं. ज्यांस शक्य असेल त्यांनीं मूळ चित्रेंही पाहावीं. रोरिकचें नग्गर येथील घर आतां संग्रहालय आहे. अलाहाबादच्या, म्हणजे हल्लींच्या प्रयागराजच्या, संग्रहालयांत त्याच्या चित्रांचें स्वतंत्र दालन आहे. आणि तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा कलादालनांतही रोरिकचीं चित्रें आहेत. काशीयात्रेस जाणाऱ्या मंडळींनीं प्रयागास अर्धा दिवस अधिक काढल्यास पुण्यांत कांहीं तूट येणार नाहीं.

गेल्या दिवाळींत आम्ही काकूंकडे गेलों होतों. निघतांना नमस्कार केला, तेव्हां त्यांनीं आमच्या हातीं एक कार्ड ठेविलें. हिंगोलीच्या दुकानांतून आणलेलें नवें, साधें, टपालखात्याचें कार्ड, कोरें. म्हणाल्या, "नातीला लिही. तिला अजून कुणाचं पत्र आलेलं नाहीं."

आम्हीं तें त्याच रात्रीं लिहिलें, आणि पेटींत टाकण्यापूर्वीं घरांतील सर्वांस मोठ्यानें वाचून दाखविलें.